पाळी गेल्यावर संबंधाच्या वेळी दुखतं, आता हे असंच राहणार का?

ताई, तुमचं वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. संबंधाच्या वेळी आग होते, नंतर लघवीलाही जळजळतं, म्हणून तुम्ही जवळ जाणंच टाळता आणि विचारता, आता हे असंच का? तर नाही. पण आपोआप जाणारंही नाही. अंगातून वाफा निघणं, रात्री घाम फुटणं हे बऱ्याच जणींचं काही वर्षांत ओसरतं. योनीचा कोरडेपणा मात्र उपचार केले नाहीत तर टिकतो, वाढतोही.

मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावात आमचं मेडिकल आहे, आणि माझीही पाळी केव्हाच गेली. या त्रासाच्या बायका काउंटरवर येऊन काय मागतात सांगू? खाजेची ट्यूब. आधी डोकेदुखीची गोळी घेतात, उगाच रेंगाळतात आणि दुकान मोकळं झालं की हळूच ट्यूबचं नाव काढतात. त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, आणि इथे मूळ दुखणंच योनीचं आतलं अस्तर पातळ झाल्याचं! चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. काही जणी रागावून समोरच्या दुकानात जातात, जाऊ देत.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन कमी झालं की योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा आणि ताण सोसायची ताकद घटते. तिथली आम्लता टिकवणारे चांगले जिवाणूही कमी होतात, मग लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. मूत्रमार्गालाही तोच फटका बसतो, म्हणून २०१४ साली तज्ज्ञांनी या सगळ्याला मिळून 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' असं लांबलचक नाव दिलं. तुमची लघवीची जळजळ कदाचित याच खात्यातली असेल. तरी लघवी तपासून घ्या, आणि शुगरसुद्धा. शुगर वाढलेली असेल तर बुरशीची खाज सारखी उलटते.

घरच्या घरी करण्यासारखं म्हणजे साबण, अँटिसेप्टिक, सुगंधी वॉश सगळं बंद. नुसतं पाणी पुरे. संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट जेल, म्हणजे घर्षण कमी करणारं जेल, वापरा, भरपूर वापरा. योनीसाठीचं मॉइश्चरायझर ही वेगळी गोष्ट, ते संबंध असो-नसो आठवड्यातून दोन-तीनदा लावायचं. खोबरेल बऱ्याच जणी वापरतात, काहींना चालतं, पण कंडोम असेल तर तेल नको, रबर फाटतं.

एवढ्याने भागलं नाही तर इस्ट्रोजेनची योनीत लावायची क्रीम असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्या. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात. माझं निरीक्षण असं की निम्म्या जणी आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडून देतात. अहो, अस्तर भरून यायला काही आठवडे लागतात, पुरता फरक पडायला कधी तीन महिनेही. दुसऱ्या जणी आतला कागद वाचून घाबरतात. हार्मोनची ही भीती मुख्यतः २००२ साली अमेरिकेत थांबवलेल्या, पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांच्या मोठ्या चाचणीपासून पसरली. कमी मात्रेची क्रीम रक्तात फारच थोडी उतरते. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

एक गोष्ट औषधाने जात नाही. दुखेल या धास्तीने अंग आपोआप आवळलं जातं आणि मग जास्तच दुखतं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, आणि हे स्नायू सैल सोडायलाही, शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आता शहरांत मिळतात. मिस्टर समजूतदार आहेत असं तुम्हीच लिहिलंय, मग त्यांना 'नको' एवढंच न म्हणता 'दुखतं' असं सांगा. कारण कळलं नाही की माणूस भलतंच धरून बसतो. दर वेळी सगळं पार पडलंच पाहिजे असंही नाही, नुसती जवळीकही चालते. आणि इच्छाच उरली नाही आणि त्याचं तुम्हाला काही वाटत नसेल, तर तो आजार नाही, त्यावर गोळी शोधू नका.

डॉक्टरकडे गेल्यावर 'खाली त्रास होतो' असं मोघम नको, 'संबंधाच्या वेळी दुखतं' असं स्पष्ट सांगा. 'आता वय झालं, देवाचं नाव घ्या' असं उत्तर मिळालं तर डॉक्टर बदला.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, संबंधानंतर का असेना, तर क्रीम-जेल बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. पुष्कळदा कोरडेपणाचाच डाग निघतो, पण गर्भाशयाचा कॅन्सर नाही ना हे आधी बघावं लागतं.