खून बघताना हसू का येतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

क्राइम सिरीजमधल्या डार्क कॉमेडीबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा असं गेल्या अंकात म्हटलं होतं, तर इतके प्रश्न आले की सगळे घेणं शक्य नाही, त्यातले काही घेतेय. उत्तरं देताना कथानक उघडं पडणार आहे, ज्यांनी या सिरीज बघितल्या नाहीत त्यांनी तेवढं सांभाळून वाचा.

प्रश्न: ब्रेकिंग बॅड मी आत्ता कुठे बघायला घेतली. त्यात प्रेत ॲसिडमध्ये विरघळवतात आणि बाथटबसकट सगळं छत फोडून खाली येतं, तो सीन बघून मी अक्षरशः खो खो हसलो. बायको म्हणाली माणूस मेलाय आणि तुम्हाला हसू सुचतंय, आणि उठून गेली. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, माझ्यात काही बिघडलंय का?

उत्तर: नाही हो, काही बिघडलेलं नाही, आणि वहिनींचंही काही चुकलेलं नाही. तुम्ही नेमकं कशावर हसलात ते जरा आठवून बघा. वॉल्टर केमिस्ट्रीचा मास्तर, त्याने जेसीला, म्हणजे त्याच्या जुन्या विद्यार्थ्याला, बजावून सांगितलेलं असतं की पॉलिइथिलिनचाच डबा आण. जेसी दुकानात जातो, माणूस मावेल का म्हणून स्वतः डब्यात बसून बघतो, एकही पुरेसा मोठा सापडत नाही आणि मग घरी आयता टब आहेच की म्हणून प्रेत त्यात टाकून वरून ॲसिड ओततो. आता हायड्रोफ्लुओरिक ॲसिड काच, सिरॅमिक, धातू हे सगळं खातं, त्या प्लॅस्टिकला मात्र काही करत नाही, आणि मास्तरांनी नेमकं तेवढंच एक वाक्य सांगितलेलं, नेमकं तेवढंच पोराने ऐकलं नाही. वर्गातल्या कुठल्याही मास्तरचं आणि कुठल्याही पोराचं होतं तेच इथे झालं, फक्त इथे टबमध्ये प्रेत आहे. तुम्हाला हसू आलं ते या गोंधळाचं, मेलेल्याला कोणी हसत नाहीये त्यात.

पण खरी गंमत पुढे आहे आणि माझं या सिरीजवर प्रेम आहे ते त्यासाठी. पुढच्याच एपिसोडची सुरुवात बघा, दोघं गुडघ्यांवर बसून तो राडा पुसतायत आणि मधेमधे तरुण वॉल्टर दिसतो, एका मैत्रिणीबरोबर फळ्यावर हिशोब मांडतोय की माणसाच्या शरीरात हायड्रोजन 63 टक्के, ऑक्सिजन 26 टक्के, कार्बन 9 टक्के वगैरे, आणि सगळं मिळवूनसुद्धा थोडंसं काहीतरी कमीच पडतंय. आत्मा असेल का, असं ती विचारते. म्हणजे आदल्या एपिसोडमध्ये ज्यावर आपण हसलो तो माणूस होता हे आपल्याला लगेच दाखवलं जातं. मग तळघरात बांधून ठेवलेला दुसरा माणूस, वॉल्टर त्याच्यासाठी सँडविच करतो आणि त्याच्या कडासुद्धा कापतो कारण त्याला कडा आवडत नाहीत, दोघं जुन्या गप्पा मारतात, आणि नंतर फुटलेल्या प्लेटचे तुकडे जुळवताना एक तुकडा कमी आहे हे वॉल्टरच्या लक्षात येतं. त्यानंतर काय होतं ते तुम्ही बघालच, पण तेव्हा हसू येणार नाही याची मला खात्री आहे. वहिनींना हा एपिसोड मुद्दाम दाखवा, त्यांना जे खटकलं तेच लिहिणाऱ्यालाही खटकत होतं हे त्यांच्या लक्षात येईल.

प्रश्न: क्राइम सिरीजमध्ये एखादा विनोदी हवालदार असतोच, चहा सांडणारा, धडपडणारा. त्यालाच डार्क कॉमेडी म्हणायचं का?

उत्तर: नाही, तो कॉमिक रिलीफ. टेन्शन वाढलं की प्रेक्षकाला दोन मिनिटं मोकळा श्वास घेऊ द्यायचा आणि परत गोष्टीकडे वळायचं, त्या हवालदाराला काढून टाकलं तरी खुनाची गोष्ट तशीच्या तशी उभी राहते. डार्क कॉमेडीत विनोद काढला तर गोष्टच कोसळते, कारण तिथे भीती आणि हसू एकाच गोष्टीतून येतं. ऐकून पटणार नाही म्हणून एक एपिसोड नीट सांगते.

माफियावरच्या द सोप्रानोज या सिरीजच्या तिसऱ्या सीझनमधला पाइन बॅरन्स हा एपिसोड, 2001 सालचा, दिग्दर्शक स्टीव्ह बुशेमी. पॉली आणि क्रिस्टोफर हे दोन गुंड एका रशियन माणसाकडे पैसे घ्यायला जातात, साधं काम आहे, पण पॉली त्याच्या टीव्हीच्या रिमोटवरून उगाच खोडी काढतो, बाचाबाची होते, मारामारी होते आणि तो माणूस गळा आवळून मेला असं समजून हे त्याला गाडीत घालून बर्फातल्या जंगलात पुरायला घेऊन जातात. तिथे डिकी उघडली तर तो जिवंत! मग त्याच्याच हातात फावडं देऊन त्याच्याकडूनच खड्डा खणून घ्यायला लागतात, तो त्याच फावड्याने दोघांना हाणतो आणि पळतो, हे गोळी झाडतात आणि तरीही तो गायब होतो, आणि आता हे दोघं रस्ता चुकलेत. पॉलीचा एक बूट बर्फात जातो. फोनला धड रेंज नाही, त्यांचा बॉस टोनी ओरडून सांगतोय की त्या माणसाने एकट्याने सोळा चेचेन बंडखोर मारलेत, तो गृहमंत्रालयात, म्हणजे इंग्रजीत इंटिरियर मिनिस्ट्रीत, होता, आणि पॉलीला खरखरीत ऐकू येतं की त्याने सोळा चेकोस्लोव्हाकियन मारले आणि तो इंटिरियर डेकोरेटर आहे, आणि तो ते तसंच क्रिस्टोफरला सांगतो, तर क्रिस्टोफर म्हणतो, पण त्याचं घर तर अगदीच भिकार होतं.

आता यात विनोदी पात्र कोण आहे? कोणीच नाही. दोघंही माणसं मारणारे आहेत, दोघंही जिवाच्या आकांताने घाबरलेत, रात्र झालीय, थंडीने मरायची वेळ आलीय, खायला केचपच्या पुड्या आहेत आणि एकमेकांवर बंदूक रोखायची पाळी आलीय. आपण हसतोय आणि त्याच वेळी पोटात गोळासुद्धा येतोय की यातला एक दुसऱ्याला आता मारणार. एरवी मोठा रुबाब करणारी माणसं बूट हरवल्यावर किती क्षुल्लक होतात हे त्या हसण्यातून दिसतं, आणि एका रिमोटवरून माणूस मारायला निघणं किती भयंकर आहे तेही त्याच हसण्यातून दिसतं. त्या रशियन माणसाचं पुढे काय झालं ते सिरीजमध्ये शेवटपर्यंत सांगितलेलंच नाही, लोक अजून त्यावर वाद घालतात, मला तरी ते न सांगणंच बरोबर वाटतं.

प्रश्न: फार्गोच्या प्रत्येक एपिसोडच्या सुरुवातीला लिहून येतं की ही सत्यकथा आहे. खरंच असं घडलंय का?

उत्तर: नाही, सगळं काल्पनिक आहे. वाचलेल्या लोकांच्या विनंतीवरून नावं बदलली आहेत आणि मृतांचा मान राखून बाकी सगळं जसं घडलं तसं सांगितलंय, अशी ती पाटी असते आणि तीच गोष्टीचा पहिला डाव आहे. कोएन बंधूंच्या 1996 च्या सिनेमातून ती आली आणि 2014 साली नोआ हॉलीने सिरीज केली तेव्हा त्याने ती तशीच ठेवली. तिचा उपयोग बघा, दुसऱ्या सीझनमध्ये एक बाई गाडीने माणसाला उडवते, तो काचेत अडकलेला असतानाच गाडी चालवत घरी येते आणि नवऱ्यासाठी स्वयंपाकाला लागते. नुसती कल्पना म्हणून कोणी हे सांगितलं असतं तर आपण काहीतरीच काय म्हणून सोडून दिलं असतं, पण वर पाटी असल्यामुळे मन म्हणतं माणसं असं करत असतील बुवा, आणि माणसं घाबरली की खरंच अशी वागतात, काल जे करत होतो तेच आजही करत राहायचं म्हणजे काही झालंच नाही असं होईल.

प्रश्न: हा प्रकार ओटीटीमुळे सुरू झाला असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात. आधी टीव्हीवर असं काही नव्हतंच का?

उत्तर: होतं की, टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता तेव्हापासून होतं. आल्फ्रेड हिचकॉकची सिरीज अमेरिकेत 1955 मध्ये सुरू झाली आणि 1958 मध्ये तिच्यात रोआल्ड डालच्या कथेवरचा एक एपिसोड आला, दिग्दर्शन खुद्द हिचकॉकचं. गरोदर बायको, नवरा पोलिसात, तो घरी येऊन सांगतो की मी तुला सोडून चाललो, आणि ती फ्रीझरमधली मेंढीची गोठलेली तंगडी त्याच्या डोक्यात घालते. तो मरतो. ती तंगडी ओव्हनमध्ये ठेवते, पोलीस येतात, घरभर हत्यार शोधून दमतात आणि बाईंच्या आग्रहावरून तीच तंगडी बसून खातात, आणि खाताखाता त्यातला एक म्हणतो की हत्यार बहुतेक आपल्या नाकासमोरच असणार. ती शेजारच्या खोलीत बसून हे ऐकतेय आणि तिला हसू फुटतं. त्या बायकोचं काम करणाऱ्या बार्बरा बेल गेडिसचं ते हसणं बघा जमलं तर, त्यात सुटल्याचा आनंद आहे, वेड लागायच्या आधीचं काहीतरी आहे आणि थोडं रडूसुद्धा आहे.

त्या काळच्या टीव्हीवर गुन्हेगार सहीसलामत सुटलेला दाखवणं चालत नसे, त्यामुळे शेवटी हिचकॉक स्वतः येऊन सांगतो की बाईंनी दुसऱ्या नवऱ्यावर हाच प्रयोग केला, पण हा नवरा विसराळू, फ्रीझर चालू करायलाच विसरला होता, मांस मऊच राहिलं आणि बाई पकडल्या गेल्या. अटसुद्धा पाळली आणि विनोदसुद्धा केला. ओटीटीने फरक पडला तो एवढाच की दहा दहा तासांची गोष्ट मिळाली, त्यामुळे हसण्यानंतर जे येतं ते दाखवायला वेळ मिळायला लागला.

प्रश्न: काही वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या भावाचा खून झाला. मित्र या सिरीज बघतात, हसतात, मला म्हणतात अरे नुसती सिरीज आहे, एवढं काय मनाला लावून घेतोस. मी बघायला बसलो की श्वास अडकतो. मी प्रयत्न करून सवय करून घ्यावी का?

उत्तर: नका करू. तुम्हाला मनापासून सांगते, याची सवय करून घ्यायची काहीच गरज नाही. दुःखावर विनोद करता येणं हा मोठा आधार असतो हे खरंच आहे, मनोविश्लेषक फ्रॉइडने दिलेलं एक उदाहरण आहे, एका कैद्याला सोमवारी फाशी द्यायला नेताना तो म्हणतो, चला, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली. पण तो विनोद ज्याच्या गळ्यात फास पडणार आहे त्याने स्वतः केलाय. त्याच्या घरच्यांना शेजाऱ्यांनी येऊन तोच विनोद सांगितला तर ती क्रूरता होईल. तुमचे मित्र वाईट आहेत असं मी म्हणत नाही, ते लांबून बघतायत म्हणून त्यांना हसता येतं, तुम्ही लांब नाही आहात. त्यांना एकदाच स्पष्ट सांगा की माझ्यासमोर हे लावू नका, कारण सांगायची इच्छा नसेल तर सांगू नका. आणि श्वास अडकणं हे सिरीज नसतानाही होत असेल, झोप लागत नसेल, तर कृपा करून एखाद्या समुपदेशकाशी बोला, एकट्याने ओढत बसू नका.

प्रश्न: आईला बरोबर घेऊन बघता येईल असं काही सांगा, रक्तपात कमी असलेलं.

उत्तर: कोलंबो. 1971 पासूनचे एपिसोड आहेत, खून कोणी केला ते सुरुवातीलाच दिसतं आणि मग चुरगळलेल्या कोटातला डिटेक्टिव्ह कोलंबो, म्हणजे पीटर फॉक, जाता जाता मागे वळून अजून एकच प्रश्न विचारत राहतो. अगदी काळाकुट्ट विनोद नाही तो, पण श्रीमंत खुन्याचा तोरा हळूहळू उतरताना बघायला आईला नक्की आवडेल.

प्रश्न: मी आणि मित्र मिळून एक छोटी वेब सिरीज लिहितोय, दोन भाऊ चुकून खून करतात. विनोद लिहिलाय पण वाचताना सगळं पोरकट वाटतं. काय चुकत असेल?

उत्तर: तुम्ही पाठवलेली तीन पानं वाचली. पहिली गोष्ट, दोन्ही भाऊ विनोदी बोलतायत, म्हणजे आपण विनोदी सीनमध्ये आहोत हे त्यांना माहीत आहे, तिथेच सगळं सैल पडतं. ज्याच्या हातून आत्ता खून झालाय त्याला कोट्या सुचत नाहीत, त्याला गाडी कुठे लावली ते आठवत नाही. त्यांना एक क्षुल्लक पण खरी अडचण द्या, किल्ली सापडत नाही, शेजारी डबा परत मागायला आलाय, आणि ती अडचण त्यांना पूर्ण गंभीरपणे सोडवू द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मेलेल्या माणसाला तुमच्याकडे नावसुद्धा नाही. बॅरी बघा, 2018 ची, बिल हेडर आणि ॲलेक बर्गची, सुपारी घेऊन खून करणारा माणूस ॲक्टिंगच्या क्लासला जातो आणि त्याला ॲक्टिंग अजिबात जमत नाही, पहिले काही एपिसोड आपण त्यावर हसतो. मग सातव्या एपिसोडमध्ये तो पकडलं जायच्या भीतीने ख्रिसला मारतो, ख्रिस त्याचा सैन्यातला दोस्त, साधा, बायकापोरं असलेला, घाबरलेला, आणि त्याला मारून तो थेट नाटकाला येतो, मॅकबेथ चाललंय, त्याला एकच वाक्य आहे, महाराज, राणीसाहेब गेल्या. ते वाक्य तो इतकं खरं बोलतो की समोरच्या नटीचंही काम पेटून उठतं आणि ज्या गोष्टीवर सहा एपिसोड आपण हसत होतो तीच आता बघवत नाही. हे जमलं कारण ख्रिसला नाव होतं, बायको होती, तो गाडीत बसून गयावया करत होता. तुमच्या त्या माणसाला निदान एक सीन द्या, मरायच्या आधी तो कोणाला तरी फोनवर येतो म्हणून सांगू दे, आणि तिसऱ्या एपिसोडमध्ये त्या फोनच्या पलीकडचं माणूस दारात येऊ दे.

आणि पान दोनवर प्रेत उचलताना विनोदी म्युझिक असं लिहिलंय ते काढा, तिथे फक्त दोघांची धाप आणि जिन्यावरचे पाय ऐकू येऊ देत, मग परत पाठवा, मी नक्की वाचेन.