साडेसहा लाखांची रायफल घ्यावी का?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदारांचा प्रश्न आहे. वडिलांच्या पश्चात त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक आली. आता ओळखीतले एक गृहस्थ जुनी इंग्लिश बनावटीची ०.२७५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप, इंचात) बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खिट्टी मागेपुढे करायची, रायफल दुर्बिणीसह साडेसहा लाखांना देऊ करताहेत. ‘अशा वस्तूची किंमत वाढतच जाते’ असं सांगून ते आठवडाभरात एक लाख विसार मागतात. बागायतदारांची नऊ लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात मोकळी होते आणि मुलगा बारावीत आहे. रानडुकरांनी कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, केळी आणि सुरण ठेवलेला नाही, म्हणून रायफल कामालाही येईल असा त्यांचा विचार आहे.

विसार देऊ नका. किमतीचं आपण पुढे बोलू, आधी परवान्याचं बघा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ प्रमाणे पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मिळते, आणि ती पुरत नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी. रायफलीच्या नळीला आतून पीळदार आटे असतात, त्यामुळे ती या तरतुदीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज, सबळ कारण आणि पोलिसांचा अहवाल लागेल. तो अर्ज मंजूर होईल का, झाला तर कधी, हे तुमच्या हातात नाही आणि विकणाऱ्याच्याही नाही. तुमचा एक लाख मात्र आठवड्यात त्याच्या हातात गेलेला असेल.

डुकरांचंही स्पष्ट सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा आहे, मग ते तुमच्याच कुळागरात का घुसलेलं असेना. गुन्ह्यात वापरलेलं शस्त्र सरकारजमा होतं. शिक्षा झाली तर शस्त्र परवाना रद्द होऊ शकतो आणि पुढची पाच वर्षं नवा मिळत नाही. साडेसहा लाखांची वस्तू एका रात्रीत घालवण्याचा हा सरळ मार्ग आहे. तेव्हा शेतीचा खर्च म्हणून ही रायफल धरूच नका.

आता, ती तेवढ्या किमतीची आहे का? बोल्ट-ॲक्शनची जी रचना आजही प्रमाण मानतात ती जर्मनीच्या माउझरची, १८९८ सालची. तिचा लांब पोलादी आकडा मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड लगेच धरतो आणि नळीत जाईपर्यंत सोडत नाही. वाघ-अस्वलासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्याची किंमत कळायची. लंडनच्या रिग्बीने याच रचनेवर हाताने घासून बसवलेल्या, अक्रोडाच्या दस्त्याच्या रायफली केल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटना भेट मिळाली ती ०.२७५ रिग्बीच होती. ही कारागिरी खरी आहे आणि तिचा मोह पडणं मला पूर्ण समजतं.

पण नेम हा वेगळा विषय आहे. आज परदेशात साध्या दुकानात मिळणारी स्वस्त, प्लास्टिकच्या दस्त्याची कारखानी रायफलही चांगल्या काडतुसाने शंभर मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते. दरवर्षी हरणाची कायदेशीर शिकार करणाऱ्या तिकडच्या माणसालाही मी मधल्या किमतीची रायफल, चांगली दुर्बीण आणि सरावाला भरपूर काडतुसं घ्या असंच सांगेन. वरचे पैसे लाकडाचे, हाताच्या कामाचे आणि नावाचे.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही, म्हणून देशात आधीपासून असलेल्या मोजक्या शस्त्रांना हे भाव आहेत. म्हणजे साडेसहा लाखांतला मोठा वाटा बंदीचा आहे. धोरण सैल झालं तर तो उतरेल. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे घेणाऱ्यांची संख्याही आटली आहे. आणि घेणारा कोण? ज्याच्या परवान्यावर तसलं शस्त्र बसतं तो, नाहीतर परवानाधारक विक्रेता. घाईची गरज पडली तर विक्रेता सांगेल तो भाव. सोन्यासारखी ती गहाणही ठेवता येत नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर मुलाला स्वतःचा परवाना मिळेपर्यंत ती जमा करावी लागेल.

गोव्याच्या हवेचाही विचार करा. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस स्थानकात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि आपल्याकडे पंचायतीपासून लोकसभेपर्यंत निवडणुका काही कमी नाहीत. पावसाळ्यात तेलाचा हात न फिरता पडून राहिलेल्या नळीला गंज धरतो, दुर्बिणीच्या काचेत बुरशी येते. पूर्वीच्या बऱ्याच काडतुसांच्या टोप्यांत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात, गंज आणणारे क्षार असत. साफसफाईत हयगय झालेल्या जुन्या नळ्यांत त्यांनी बारीक खड्डे पाडलेले असतात. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा, आटे धारदार आणि चकचकीत दिसायला हवेत. काळपट ठिपके दिसले तर नाव कितीही मोठं असो, भाव निम्म्यावर आणून बोला. काडतुसांचं तर विचारूच नका. आपल्या सरकारी ऑर्डनन्स कारखान्यांत अशा रायफलींची काडतुसं ०.३१५ आणि ०.३०-०६ ची बनतात, ०.२७५ ची नाहीत.

सात टक्के व्याजाने साडेसहा लाखांचे दहा वर्षांत, कर धरण्याआधी, सुमारे तेरा लाख होतात. तेव्हा ही रायफल तेराला हातोहात खपेल असं तो गृहस्थ लिहून देणार आहे का?

माझं मत असं. नऊपैकी पाच लाख मुलाच्या शिक्षणासाठी एक-दोन वर्षांच्या ठेवीत, दोन लाख घरच्या अडीअडचणीला हाताशी. उरलेल्यातून कुळागराला कुंपण घाला. वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड घेऊन जा आणि सौर कुंपणाच्या अनुदानाचा अर्ज करा. काम सुरू करण्याआधी मंजुरी घ्या. झालेल्या नुकसानीसाठी शेतकरी आधार निधीचंही तिथेच विचारा.

नेमबाजीचीच ओढ असेल तर रेंजवर एअर रायफलने सुरुवात करा, तो खर्च मी आनंदाने तुमच्या अंदाजपत्रकात बसवून देईन. रायफलीच्या मालकाला मात्र आजच फोन करून सांगा, की परवाना मंजूर झाल्याशिवाय एक रुपयाही देणार नाही. तोवर त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर मिळू द्या.