नागपूरच्या उन्हाळ्यात किट हेलिकॉप्टरची (सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या हेलिकॉप्टरची) फायबरग्लास बॉडी जोडता येईल का?

भाऊ, मे महिन्यात बॉडीचे दोन अर्धे जोडायचे म्हणता तर जोडा, पण पहाटे. इपॉक्सीत (जोडायच्या रेझिनमध्ये) ते घट्ट करणारा हार्डनर पडला की ते स्वतःच तापतं, त्यात आपले ४५ डिग्री, दर १० डिग्री वाढीला कामाचा वेळ (ते घट्ट होण्याआधीचा) साधारण अर्धा होतो, म्हणून थोडं थोडंच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ठेवा, खोल डब्यात नको. त्याआधी सगळं फ्रेमवर कोरडंच बसवून क्लेकोने (छिद्रात बसणाऱ्या तात्पुरत्या क्लिपने) धरा, दारं, काच लावून बघा, एकदा चिकटलं की मग कापावंच लागतं. जोडाच्या जागेची चमक ८० नंबरच्या सँडपेपरने पूर्ण घालवा, ॲसिटोनने पुसा, गुळगुळीत जागेवर रेझिन नीट धरत नाही आणि जोड तिथूनच सुटतो, इथं खरंच घाई करू नका. घासताना चांगला मास्क पाहिजेच. आणि कूलर बंद ठेवा, त्याचा ओलावा ओल्या इपॉक्सीला चालत नाही.