प्रश्न वाचकांचे : कॅप्टन होण्याची वाट

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी विज्ञान शाखेची परीक्षा देत असून व्यापारी जहाजाचा कॅप्टन होण्याचा त्याचा निश्चय आहे. आमच्या भागातील पुष्कळजण बोटीवर आहेत, परंतु ते खलाशी किंवा भंडारी (स्वयंपाकी) म्हणून; अधिकारी झालेला कोणी ओळखीत नाही. एका मध्यस्थाने मोठी रक्कम आगाऊ घेऊन सहा महिन्यांत परदेशी जहाजावर नेमणूक मिळवून देण्याचे आश्वासन दिले आहे. पैसे भरावेत काय?
– एक पालक, दापोली

उत्तर : भरू नयेत. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या संस्थेला मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचा परवाना घ्यावा लागतो. बोटीवरची मंडळी त्याला आरपीएसएल म्हणतात. असा परवाना असलेल्या संस्थेलाही नेमणुकीबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशांचे सरकारी ओळख व सेवापुस्तक) आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च उमेदवाराचा असतो, तेवढाच. तेव्हा नेमणुकीसाठी पैसे मागितले गेले, एवढ्यावरूनच त्या मध्यस्थाची पारख झाली असे समजावे. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

आता सरळ मार्गाविषयी. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून सरासरी साठ टक्के, तसेच दहावी किंवा बारावीला इंग्रजीत पन्नास टक्के गुण असलेल्या विद्यार्थ्याला भारतीय सागरी विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा देता येते. त्यानंतर दोन वाटा प्रचलित आहेत: एक वर्षाची नौकानयनशास्त्राची पदविका, म्हणजे डीएनएस, किंवा तीन वर्षांची बी.एस्सी. नवी मुंबईतील टी. एस. चाणक्य ही त्यासाठीची जुनी आणि नावाजलेली जागा. पदविकेनंतर अठरा महिने कॅडेट, म्हणजे प्रशिक्षणार्थी अधिकारी, म्हणून प्रत्यक्ष जहाजावर काढावे लागतात आणि त्याशिवाय सेकंड मेटच्या, म्हणजे अधिकारीपदाच्या पहिल्या, सक्षमता परीक्षेला बसता येत नाही.

खरी अडचण नेमकी येथे आहे. वर्ग भरपूर आणि कॅडेटसाठी जहाजावरच्या जागा मोजक्या, अशी स्थिती असल्यामुळे पदविका हातात घेऊन दोन-दोन वर्षे बोट शोधत फिरणारी मुले मुंबईत सहज भेटतात. म्हणून महाविद्यालयाची इमारत आणि गणवेश पाहण्याआधी, प्रशिक्षणासाठी जहाज देण्याची लेखी हमी कोणती कंपनी देते, हे विचारावे. कंपन्या स्वतंत्र लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन अशी हमी देतात; तिला स्पॉन्सरशिप म्हणतात. माझ्या मते आपल्या मुलाने वर्षभर खपून ती मिळवावी आणि ती नसताना कर्ज काढून प्रवेश घेण्याचे टाळावे.

पुढचा चढ लांब आहे. सेकंड मेटची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर थर्ड ऑफिसर, मग सेकंड ऑफिसर, त्यानंतर चीफ ऑफिसर, आणि वर चढण्यासाठी ठरावीक समुद्रसेवा; चीफ ऑफिसर होण्यासाठी नवी परीक्षाही द्यावी लागते. शेवटी मास्टरचे, म्हणजेच कॅप्टनचे, प्रमाणपत्र. यात साधारण दहा-बारा वर्षे जातात. कॅडेटच्या दिवसांत गंज खरवडणे, रंग लावणे आणि मालाच्या कोठ्या झाडणे हीच कामे अधिक पडतात, याची मुलाला आधीच कल्पना द्यावी; आपल्या शेजारचे खलाशी ते अधिक चांगले सांगतील. कॅप्टनला मात्र असा अधिकार असतो, जो किनाऱ्यावरच्या फार थोड्या नोकऱ्यांत मिळतो: जहाजाच्या आणि माणसांच्या सुरक्षिततेसाठी त्याने घेतलेल्या निर्णयात खुद्द मालकालाही आडकाठी करता येत नाही, असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. अर्थात त्या निर्णयाचा जाबही त्यालाच द्यावा लागतो.

प्रश्न : मी अकरावीत शिकणारी मुलगी आहे आणि मला चष्मा आहे. मला कॅप्टन होता येईल काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलगी असणे ही अडचण नाही. कॅप्टन राधिका मेनन यांनी 2015 मध्ये बंगालच्या उपसागरातील वादळात बुडत्या नौकेवरील सात मच्छीमारांना वाचवले, तेव्हा त्या ‘संपूर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाच्या प्रमुख होत्या. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्यांना शौर्यासाठी गौरवले. चष्मा मात्र अडचण ठरू शकतो. डेकवरच्या, म्हणजे जहाज हाकणाऱ्या विभागातील, अधिकाऱ्याला दूरचे दिवे व त्यांचे रंग ओळखावे लागत असल्याने चष्म्याविना दृष्टी चांगली असणे आणि रंगांधळेपणा नसणे आवश्यक मानले जाते. इंजिन विभागात ठरावीक मर्यादेपर्यंतचा चष्मा चालतो, पण त्या मार्गाने गेल्यास सर्वोच्च पद चीफ इंजिनिअरचे; तेथून कॅप्टन होता येत नाही. त्यामुळे प्रवेश परीक्षेच्या तयारीवर खर्च करण्यापूर्वी महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून डोळ्यांची तपासणी करून घ्यावी आणि त्याचा निकाल पाहूनच डेक की इंजिन हे ठरवावे.