प्रोग्रामिंग शिकू कुठून?

प्रश्न : मी जीवशास्त्रात संशोधन करते. प्रोग्रामिंग कधी शिकले नाही, सगळी आकडेमोड एक्सेलमध्येच चालते. आता क्लास लावू की स्वतःच शिकू?

उत्तर : स्वतःच शिका, आणि स्वतःच्याच डेटावर शिका. मीही पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा अशीच शिकलो. वर्णपटांच्या फायली एकेक उघडून शिखरं टिपण्याचा कंटाळा आला, म्हणून फाइल वाचणाऱ्या चार ओळी लिहिल्या. मग आलेख, मग नमपाय, म्हणजे आकडेमोडीसाठीचं पायथनचं तयार साधन. अडलं तेवढंच शिकत गेलो, म्हणून ते डोक्यात राहिलं.

एक्सेल असू द्या हाताशी, पण जनुकांच्या नावांना जपा. 'मार्च१' हे जनुकाचं नाव टाइप केलं की एक्सेल आपोआप त्याची तारीख करून टाकतं. हा घोळ इतका पसरला, की २०२० पर्यंत मानवी जनुकांतली अशी नावंच बदलावी लागली! स्क्रिप्टमध्ये, म्हणजे लिहून ठेवलेल्या प्रोग्राममध्ये, निदान काय केलं ते ओळीओळीने दिसतं. मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आणखी एक. ०.१ + ०.२ म्हणजे ०.३ का, असं पायथनला विचारून बघा. उत्तर 'नाही' येईल, कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, ०.१ नेमका मांडताच येत नाही. तेव्हा दशांश संख्या थेट बरोबरीने ताडू नका, फरक पुरेसा लहान आहे का ते बघा. गिट, म्हणजे प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, नंतर शिकलात तरी चालेल.