चालत्या यंत्राच्या सांध्याला व्हेन नको, दोन रॅक आणि एक पिनियन घ्या

सहा पायांचं, १२० किलोचं यंत्र, आणि मांडीच्या सांध्याला ९० अंश फिरणारा व्हेन अ‍ॅक्च्युएटर (तेलाच्या दाबाने पातं ढकलून शाफ्ट फिरवणारा) घरच्या लेथवर करायचा, असा तुमचा बेत आहे. व्हेन कागदावर सुटसुटीत दिसतो, पण पात्याचे कोपरे चौकोनी असतात आणि तिथे सील नीट बसत नाही. १५ मिमी जाडीच्या पात्याभोवती ०.०५ मिमी फट राहिली, तरी ७० बारला व्हीजी ४६ (हायड्रॉलिकचं) तेल मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास पलीकडे जातं. फट दुप्पट झाली की गळती आठपट. मग यंत्र उभं असतानाच पाय बसायला लागतात.

आधी टॉर्क, म्हणजे सांध्याला लागणारा पीळ, बघा. एका वेळी तीन पाय टेकतात, पण वजन तिघांत सारखं वाटलं जात नाही. एका बाजूला एकटा पडणारा मधला पाय जवळपास निम्मं, म्हणजे ६० किलो उचलतो. पाऊल सांध्यापासून आडवं अर्धा मीटर दूर असेल तर ३०० न्यूटन-मीटर, आणि धक्क्यासाठी दीडपट धरून ४५०.

आता रॅक-पिनियन: पिस्टन दातेरी पट्टी (रॅक) ढकलतो आणि ती दातेरी चाक (पिनियन) फिरवते. ४० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) गोल पिस्टन ७० बारला ८.८ किलोन्यूटन देतो. मॉड्यूल (दाताचं माप) ४, १७ दातांचं पिनियन (याहून कमी दात घेतले तर अंडरकट येतो, म्हणजे दात मुळाशी कोरला जातो) म्हणजे त्रिज्या ३४ मिमी. एका रॅकचे ३०० आणि समोरासमोरच्या दोघांचे ६००. घर्षण वजा जाता ५०० हाती लागतात. दोन रॅकमुळे पिनियनच्या बेअरिंगवरचा बाजूचा भारही एकमेकांत कटतो. तेल मात्र कर्णरेषेतल्या दोन टोकांना एकदम द्या. एकाच बाजूच्या दोन टोकांना दिलंत तर शाफ्ट जागचा हलणार नाही.

दात एकमेकांना ३.२ किलोन्यूटनने दूर ढकलतात. प्रत्येक रॅकच्या पाठीला गनमेटलचा (ब्राँझचा) पॅड दिला नाही तर रॅक वाकतो आणि पिस्टन बोअर खरवडतो. पॅडखाली शिम (पातळ पत्र्या) ठेवा, त्यातूनच दातांमधला प्ले, म्हणजे सैलपणा, काढता येतो. चालताना भाराची दिशा पावलागणिक उलटते, म्हणून प्ले असेल तर दात हातोड्यासारखे आपटतात. याच कारणाने चावीवर (शाफ्टच्या खाचेतल्या खुंटीवर) बसवलेलं पिनियन लवकर ढिलं होतं. शाफ्ट आणि पिनियन ईएन२४ पोलादाच्या एकाच तुकड्यातून काढा.

मधल्या पोकळीतून टाकीकडे मोकळी ड्रेन लाइन हवीच. ती नसेल तर पिस्टनच्या सीलमधून झिरपलेलं तेल तिथे साचतं आणि शाफ्टचं साधं ऑइल सील बाहेर फेकलं जातं.

बहुतेकांचा हिशोब पंपापाशी चुकतो. ९० अंशांना दोन्ही रॅक मिळून १३४ सीसी तेल लागतं. ते अर्ध्या सेकंदात हवं असेल तर एकाच सांध्याला मिनिटाला १६ लिटर, म्हणजे जवळपास १.९ किलोवॅट. बोअर उगाच ५० मिमी केलात तर हे दीडपटीहून वाढतं. आणि ९० अंशच पुरत असतील तर बाजारातला तयार सिलिंडर आणि आर्मही चालतो. टोकांना टॉर्क ७१ टक्क्यांवर येतो, एवढंच.

पाऊल आपटलं की दाब उसळतो, म्हणून दोन्ही पोर्टच्या मधोमध ९० बारचा क्रॉस रिलीफ (जादा दाबाचं तेल दुसऱ्या बाजूला सोडणारा व्हॉल्व्ह) अ‍ॅक्च्युएटरला लागूनच बसवा. चाचणी, रिलीफ बसवण्याआधी, १०५ बारला, तेलानेच घ्या, हवेने कधीच नाही. त्याआधी वरच्या ब्लीड स्क्रूमधून हवा पूर्ण काढा. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक फवारा कातडीत शिरला तर जखम टाचणीएवढी दिसते, पण तडक शस्त्रक्रिया लागते.