वाचकांचे प्रश्न : साइटवरचा शर्ट काखेतच का फाटतो?

प्रश्न : नमस्कार दादा, कळंब्याकडं माझी बांधकामाची कामं चालू असतात. गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे फिटर, बिगारी धरून ४५ माणसं. मागच्या वर्षी फर्मचं नाव घातलेले ब्रँडेड शर्ट दिले सगळ्यांना, अंदाजानं १५ मीडियम, १५ लार्ज, १५ एक्सेल. महिन्यात निम्मे काखेत फाटले, छातीवरचं नाव सोलून निघालं, आणि ८ बायका आहेत त्यांनी तर अंगाला लावले नाहीत. यंदा परत करायचेत. काय बघून घेऊ?
– एक कॉन्ट्रॅक्टर, कोल्हापूर

उत्तर : भाऊ, १५-१५-१५ ही प्रसादाची वाटणी झाली, शर्टाची नव्हे. आणि हसत नाही हां मी, पहिल्या ऑर्डरला मी पण हेच केलं होतं, उरलेले एक्सेल दोन वर्षं गोडाऊनमधी उंदरांनी वापरले.

काखेत फाटतो ते कापड हलकं म्हणूनच फाटतो असं नाही. दुकानात माणूस सरळ उभा राहून शर्ट घालून बघतो आणि साइटवर तो कधीच सरळ उभा नसतो. स्लॅबला घमेलं वर द्यायचं म्हणजे दोन्ही हात डोक्यावर, सळई बांधायची म्हणजे उकिडवं बसून पाठ वाकलेली. तेव्हा शर्ट खांद्यात आणि पाठीत ओढला जातो आणि सगळा ताण जातो काखेच्या शिलाईवर. म्हणून घालून बघायचा तो असाच, हात वर करून आणि उकिडवं बसून. हात वर केल्यावर शर्ट पँटीतनं बाहेर आला तर उंची कमी, बसल्यावर बटणांच्या मधी फट पडली तर छाती कमी, आणि कोपर दुमडल्यावर कफ मनगट सोडून वर पळाला तर बाही कमी. पाठीला योकच्या, म्हणजे खांद्यामागच्या आडव्या पट्टीच्या, खाली दोन चुण्या टाकायला सांगा आणि काखेला डबल शिलाई, एवढ्यानंच निम्मं काम होतंय बघा.

मापाचं म्हणाल तर मीडियम-लार्ज ही भाषाच सोडा, एकाचा लार्ज ४० असतो तर दुसऱ्याचा ४२. इंचात बोला, आणि ४० म्हणजे अंगाचं माप का तयार शर्टाचं हे आधी विचारा, इथंच सगळे फसतात. कामाच्या शर्टाला अंगाच्या मापापेक्षा छातीत ४-५ इंच जास्त लागतात, म्हणजे छाती ३८ भरली तर तयार शर्ट ४२-४३ पाहिजे. टेप घेऊन ४५ जणांमागं पळायचा कंटाळा आला तर ज्याला जो शर्ट नीट बसतो तो आणायला सांगा, टेबलावर पसरा, या काखेपासून त्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. मात्र आपली पोरं अंगानं काटकुळी आणि खांद्यानं रुंद, ओझं उचलून उचलून झालेली, तेव्हा छाती आणि खांदा जुळत नसतील तर खांद्याचं ऐका.

आता बायकांचं. तुमच्या साइटवर त्या काय घालतात ते कधी बघितलंय का नीट? साडीवरनं नवऱ्याचा नाहीतर भावाचा जुना फुल शर्ट. साडी वाचते, खोचलेला पदर आत राहतो, हाताला ऊन लागत नाही. तुम्ही दिलेला शर्ट पुरुषी कटचा, कमरेला निऱ्यांवर अडकणारा, मग कशाला घालतील त्या? त्यांच्या शर्टाचं माप साडी नेसलेली असताना कमरेच्या खाली घ्यायचं, दोन्ही बाजूला ५-६ इंच चीर ठेवायची, बाही फुल. मापं घ्यायला मात्र बाईमाणूसच पाठवा.

फुल बाही तशी सगळ्यांनाच द्या, ओला सिमेंट कातडी जाळतो. फक्त मिक्सरपाशी आणि सळई वाकवायच्या मशीनपाशी कफचं बटण लावलेलं पाहिजे, लोंबती बाही तिथं नको.

कापड ६५-३५ पॉलिस्टर-कॉटन घ्या, आपल्याकडं जून-जुलैला दोरीवरचं धुणं तीन-तीन दिवस ओलं राहतंय, हे लवकर वाळतं. एप्रिलमधी थोडं गरम होतं, खोटं बोलत नाही. वेल्डिंग आणि गॅसकटिंगवाल्यांना मात्र शुद्ध कॉटनचाच जाड शर्ट, कारण ठिणगी पडली की पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. कॉलरवाले टी-शर्ट मापाला सोपे, ताणतात, पण सळईच्या टोकाला अडकून धागा निघतो, फिटरला नकोत. कॉटन घ्याल तिथं सॅम्पल तीनदा धुवून परत मोजा, ३० इंच उंचीत ५ टक्के आटलं तरी दीड इंच गेलं.

नाव सोलून निघालं म्हणजे स्टिकर दाबून लावला असणार. छातीवर भरतकाम करून घ्या, पाठीवर मोठ्या अक्षरात स्क्रीन प्रिंट. भरतकामाचे पैसे टाक्यांवर लागतात आणि डिझाइनची फाइल करायचे एकदाच, तर ती फाइल मागून घ्या, पुढच्या वर्षी परत पैसे नकोत. बारीक अक्षरं, पत्ता-बित्ता भरतकामात घालू नका, गिचमिड होते. आणि खिशावर नको, खिशाच्या वर. माझ्या एका ऑर्डरीत शिवलेल्या खिशावरच नाव भरलं, सगळे खिसे आतनं बंद. उंचावर सेफ्टी बेल्ट घालून काम करणारी माणसं असतील तर छातीवरचं नाव पट्ट्याखाली जातं, त्यांच्या बाहीवर टाका.

कापड इचलकरंजीचं का कोल्हापूरजवळच्या गांधीनगर बाजारातनं याची एवढी चर्चा नको, सगळं एकाच लॉटमधलं असू दे म्हणजे रंग जुळतो, आणि त्याच लॉटचं १०-१५ मीटर जादा ठेवा, माणसं सोडून जातात, नवी येतात. आधी प्रत्येक मापाचा एकेक शर्ट शिवून घ्या, घालून बघा, त्यावर सही करा, मग बाकीचे. एप्रिल ते जून शिवणारे शाळेच्या युनिफॉर्ममधी बुडालेले असतात, तेव्हा गेलात तर घाईचाच माल मिळणार. जीएसटीचं विचाराल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के, तुमचा शर्ट त्यातच बसतो.

प्रश्न : दादा, हायवेच्या कामावर आमच्या शर्टांनाच रिफ्लेक्टर पट्टी लावून घेतली तर वेगळं जॅकेट नको ना?
– एक साइट इंजिनिअर, कागल

उत्तर : ताई, नुसती पट्टी शिवून भागत नाही. रात्री पट्टी चमकते, दिवसा दिसतो तो भडक पिवळा नाहीतर केशरी रंग, आणि दोन्ही किती असावेत हे मानकात ठरलेलं आहे, आपल्याकडं आयएस १५८०९. तुमचा शर्ट निळा असेल तर जॅकेट लागणारच. पट्टीवर इस्त्री फिरवू नका, आणि धूळ बसली की ती चमकत नाही, तेव्हा पुसायला लावा.

प्रश्न : शर्टाचे पैसे पगारातनं कापले तर चालतील का?
– नाव नको

उत्तर : नाव कुणाचं छापलंय त्यावर? मग पैसे पण त्यानंच द्यायचे. आणि एक नको, दोन द्या, एक धुवायला टाकला की दुसरा अंगावर.